प्रॉकचं गाठोडं

दादाने बटण दाबलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे इतकी माणसं इतक्या परींनी तेच विचारणार आहेत की ऐकणाऱ्याच्याही मनात पाल चुकचुकायची. दाबलं होतं, वेळेवर दाबलं होतं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा दाबलं होतं. धाकटीने ते पाहिलं. त्याचं बोट नाही पाहिलं, कारण ती तेव्हा दुसऱ्या खोलीत होती. तिने पाहिलं ते सर्व्हरच्या पोटात, आणि तिथे खोटं बोलायला कुणाला सवड नसते.

शहराला पाणी सोडणारं ते केंद्र. दादा तिथे नियंत्रण खोलीत ऑपरेटर होता, आणि धाकटी, म्हणजे त्याची पाठची बहीण, मागच्या थंडगार खोलीत सर्व्हर सांभाळायची. भावाने शब्द टाकला म्हणून ती चिकटली, असं काही जण म्हणत. प्रत्यक्षात तिने अर्ज केलाय हे दादाला तिची निवड झाल्यावर कळलं होतं आणि त्यावरून तो दोन दिवस फुगून बसला होता. घरातली नावं तिथेही तशीच चिकटली. मोठे साहेबसुद्धा फोनवर "धाकटीला द्या" म्हणत, आणि समोरच्याला वाटे साहेबांच्याच घरातलं कुणी आहे.

तिसरा माणूस म्हणजे पक्कड. हा फिटर. एकदा हातात घेतलेली गोष्ट सोडायचा नाही, मग ती गंजलेली नळी असो की कुणाशी घातलेला वाद, म्हणून हे नाव. दादाचा तो शाळेपासूनचा दोस्त. जेवणाच्या सुट्टीत दोघे एकाच डब्यातून जेवत आणि एकमेकांच्या बायकांच्या हाताला नावं ठेवत. घरी गेल्यावर मात्र आपापल्या बायकोसमोर मांजर होत.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. दादाच्या समोरच्या स्क्रीनवर सगळ्या झडपांची चित्रं होती. एखाद्या झडपेखालचं 'बंद' बटण दाबलं की चित्र लगेच लाल व्हायचं आणि सर्व्हरवर एक चिमुकला प्रोग्राम सुरू व्हायचा. तो आधी नोंदवहीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायचा, की अमुक वाजता अमुक झडप बंद करण्याचा आदेश आला, आणि मग झडपेला निरोप द्यायचा. आधी नोंद, मग काम. मुख्य कचेरीतून कधीतरी तसं फर्मान सुटलं होतं, कारण पूर्वी कुणीतरी काम करून नोंद ठेवली नव्हती. आणि ती नोंदवही जवळ नव्हती. ती पलीकडच्या इमारतीतल्या साठवणूक यंत्रावर होती, मधे एक लांबलचक केबल. धाकटीने याबद्दल दोनदा तोंडी आणि एकदा लेखी कुरकुर केली होती. तिला सांगण्यात आलं की वर कळवलं आहे.

आणि मग प्रॉक. या जातीच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये त्या नावाचा एक फोल्डर असतो. नवीन भरती झालेल्यांना तो शिकवायचं काम धाकटीकडे असे, आणि ते ती मोठ्या चवीने करी. "हा फोल्डर डिस्कवर नाहीच," ती म्हणायची, "यातली एकही फाइल कुठे ठेवलेली नाही. यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्या प्रोग्रामांवर लक्ष ठेवून असतो. तुम्ही इथली फाइल उघडलीत की तो त्या क्षणाला जे आहे ते तुम्हाला वाचून दाखवतो. फाइल बंद केलीत की संपलं." प्रत्येक चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, तिथे आकड्याच्या नावाचा एक फोल्डर असतो. ती कोणत्या शब्दांत सुरू झाली, केव्हा सुरू झाली, आत्ता काय करतेय, कशाची वाट बघतेय, सगळं त्यात वाचता येतं. प्रोसेस मेली की फोल्डरही जातो. मग ती फायलींची यादी काढून दाखवायची आणि आकाराच्या रकान्याकडे बोट करायची. सगळीकडे शून्य. "स्वयंपाकघरात वाकून 'काय करतेस गं' विचारलं तर आतून उत्तर येतं की नाही? ते उत्तर काय डब्यात भरून ठेवलेलं असतं? वजन किती त्याचं? शून्यच." पोरं हसायची. हा विनोद तिने इतक्या वेळा केला होता की पुढे त्याच्यावरच तिला रडायची पाळी यावी, हे जरा जास्तच झालं.

त्या दिवशी दुपारी पक्कड खालच्या चेंबरमध्ये उतरला होता. तिथल्या जोडाला गळती लागली होती. चेंबर म्हणजे जमिनीखालची सिमेंटची खोली, वर लोखंडी झाकण, उतरायला भिंतीत ठोकलेल्या कड्या. त्याने वायरलेसवर सांगितलं, "दादा, तिसरी बंद कर." दादाने तिसऱ्या झडपेचं 'बंद' दाबलं. चित्र लाल झालं. दादा म्हणाला, "बंद केली." पक्कडने वायरलेस बाजूला ठेवला, कारण मोठा पाना दोन हातांनीच धरावा लागतो, आणि बोल्ट सैल करायला घेतले.

पाण्याच्या प्रवाहाचा काटा खाली येईना. येतो तो, पण दरवेळी जरा वेळ घेतो. दादाने बघितलं, थांबला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायरलेसवर ओरडला, "पक्कड, थांब, वर ये." वायरलेस खाली दगडावर पडून एकटाच ऐकत होता. दादा बटण दाबत राहिला.

मग भोंगा झाला. चेंबरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मदतनीसाने तो वाजवला होता, आणि भोंगा वाजला की त्याची वेळ फाटकावर आपोआप छापली जाते. ती वेळ सगळ्यांना मान्य आहे. या गोष्टीत सगळ्यांना मान्य असलेली ती एकच गोष्ट.

धाकटीचा फोन वाजला तेव्हा भोंगा अजून चालूच होता. "झडप घेत नाहीये," दादा म्हणाला. त्याचा आवाज असा तिने आजवर ऐकला नव्हता. "तिसरी घेत नाहीये. पक्कड खाली आहे. पाणी भरतंय."

जोड फुटून आलेल्या लोंढ्याने नळीचा तुकडा पक्कडच्या पायावर पाडला होता आणि तो खाली अडकून पडला होता. पाणी कमरेच्या वर आलं होतं. हाताने फिरवायचं चाक होतं, दोन माणसं त्याला लोंबकळली होती, आणि ते चाक वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी जागच्या जागी घट्ट झालं होतं. दर वर्षी रंग मात्र न चुकता दिला जाई.

धाकटी टर्मिनलवर बसली. अशा वेळी काय करायचं हे तिच्या बोटांना पाठ होतं. कोण अडकलंय ते आधी बघायचं. तिने प्रॉकमध्ये शोधलं आणि स्क्रीनवर एकाखाली एक ओळी उतरल्या. झडपेचा तोच चिमुकला प्रोग्राम, पुन्हा पुन्हा तोच. प्रत्येकासमोर तेच शब्द: झडप तीन, बंद. झडप तीन, बंद. झडप तीन, बंद. दादाच्या बोटाचा प्रत्येक दाब तिथे जिवंत उभा होता. सुरू झाल्याची वेळही होती. पहिली भोंग्याच्या बऱ्याच आधीची, दुसरीही आधीची, तिसरी, चौथीही. शेवटच्या तीन मात्र भोंग्यानंतरच्या. आणि सगळ्यांच्या स्थितीच्या जागी एकच अक्षर, डी.

डी म्हणजे अशी झोप की जिच्यातून कुणी उठवू शकत नाही. प्रोसेस कशाचीतरी वाट बघत असते आणि ते मिळाल्याशिवाय हलत नाही. तिला मारताही येत नाही. धाकटीने मारून पाहिलं. सर्वांत जालीम आज्ञा दिली, जिच्यापुढे कुणी टिकत नाही, आणि ती आज्ञा पाण्यात दगड टाकावा तशी गेली. कशाची वाट बघतायत ते तिने वाचलं: लिहिण्याची. पलीकडच्या इमारतीतलं साठवणूक यंत्र गप्प झालं होतं, आणि हे सगळे आदेश हातात झडप बंद करण्याचा निरोप घेऊन नोंदवहीच्या दाराशी रांगेत उभे होते. आधी नोंद, मग काम.

"रीस्टार्ट कर," मोठे साहेब दारातून म्हणाले. त्यांच्या एका कानाला फोन होता. "रीस्टार्ट झाला की सगळ्या झडपा आपोआप मिटतात ना? मग कर. काय बघत बसलीयस?"

ते बरोबर होतं. दुसरा मार्गच नव्हता. सर्व्हर नव्याने उठला की नोंदीसाठी न थांबता आधी सगळ्या झडपा बंद करतो. पण रीस्टार्ट केला की प्रॉकमधलं सगळं जाणार, हेही तिला माहीत होतं, आणि नोंदवहीत तर काही उतरलंच नव्हतं. मोबाइलने फोटो काढला असता, पण मोबाइल फाटकावर जमा करायचा नियम आहे. तिचा तिथल्या खणात पडला होता. तेव्हा तिने तेच केलं जे ती प्रत्येक रीस्टार्टआधी करायची. गाठोडं बांधलं.

गाठोडं हा तिचाच शब्द आणि तिनेच घालून दिलेली पद्धत. यंत्र बंद करण्याआधी हव्या त्या फोल्डरांची एका आज्ञेत एकच बांधीव फाइल करायची आणि सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर ठेवायची. वर्षानुवर्षं ते गाठोडं नोंदींचं आणि सेटिंगचं असे. आज तिने तीच आज्ञा दिली आणि शेवटी त्या अडकलेल्या प्रोसेसचे फोल्डर जोडले. नावं भराभर वर सरकत गेली. कुठे चूक नाही, तक्रार नाही. चार श्वास लागले असतील. मग तिने सर्व्हरचं बटण दाबून धरलं.

झडप मिटली. पक्कडला वर काढलं. पाणी तेव्हा त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

संध्याकाळी सगळं जरा निवल्यावर तिने गाठोडं उघडलं. आत सगळे फोल्डर होते, आकड्यांच्या नावांचे, ओळीने. तिला हायसं वाटलं. पहिल्यात शिरून तिने आदेशाचे शब्द असलेली फाइल उघडली. रिकामी. स्थितीची फाइल, रिकामी. वेळेची, रिकामी. दुसरा फोल्डर, तिसरा. कारण तिला त्याच क्षणी कळलं. गाठोडं बांधणारी आज्ञा आधी फाइलचा आकार विचारते. आकार शून्य म्हटलं की ती म्हणते, आत काही नाही, आणि नुसतं नाव लिहून पुढे जाते. ती कधी 'काय करतेस गं' विचारायला वाकतच नाही.

काहीच उरलं नव्हतं असं नाही, आणि हेच जास्त वाईट. प्रत्येक फोल्डरमध्ये प्रोग्रामकडे बोट दाखवणारा एक दुवा असतो, तो जसाच्या तसा आला होता. म्हणजे झडपेचा प्रोग्राम सात वेळा चालला होता हे दिसत होतं. कोणती झडप, उघड की बंद, ते नाही. आणि प्रत्येक फोल्डरवर एक वेळ छापली गेली होती. ती प्रोसेस सुरू झाल्याची नव्हती. ती धाकटीने जेव्हा पहिल्यांदा डोकावून पाहिलं तेव्हाची होती. भोंग्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या यंत्रावर साधी नक्कल करण्याची आज्ञा देऊन पाहिली. ती आज्ञा अडाणी, आकारबिकार फार मनावर न घेता शेवटापर्यंत वाचत जाणारी. सगळं आलं, अक्षर न् अक्षर. तिने ते पुन्हा करून पाहिलं. पुन्हा आलं. शेवटी शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "चालतंय की गं, आता किती वेळा बघशील."

पुढे चौकशी बसली. चौकशीला आलेल्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्या दुष्ट असत्या तर धाकटीला रागवायला तरी कुणी मिळालं असतं. त्या शांत होत्या, चष्मा पुसून पुसून ऐकत होत्या, आणि जे कळलं नाही ते पुन्हा विचारत होत्या.

"हे सात फोल्डर म्हणजे सात वेळा बटण दाबलं, बरोबर?"

"हो."

"आणि यांवरची वेळ भोंग्यानंतरची आहे."

"ती वेळ मी पाहिल्याची आहे. दाबल्याची नाही. दाबल्याची वेळ आतल्या फाइलमध्ये होती."

"ती फाइल रिकामी आहे."

"आता आहे. मी वाचली तेव्हा नव्हती."

बाईंनी चष्मा घातला. "म्हणजे तुम्ही वाचली तेव्हा भरलेली होती, आणि तुम्ही जपून ठेवली तेव्हा रिकामी झाली."

धाकटीने समजावलं. तिने तेच शब्द वापरले जे ती नव्या पोरांना सांगायची: फाइल ठेवलेली नसते, विचारलं की उत्तर येतं. सांगता सांगता तिला स्वतःचंच बोलणं थापेबाज माणसासारखं ऐकू येऊ लागलं. बाईंनी विचारलं की हे आता कुठे पाहता येईल का. पाहता येईल, ती म्हणाली, दुसऱ्या प्रोसेसचं. त्या दिवशीच्या नाही. त्या राहिल्या नाहीत.

"नोंदवहीत एकही ओळ नाही?"

"लिहायलाच तर त्या अडकल्या होत्या."

मोठ्या साहेबांना बोलावलं. ते खरं तेच बोलले, त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. "मी दारात होतो. स्क्रीनवर आकडे आणि अक्षरं होती. काय होती ते मला वाचता येत नाही." थांबून म्हणाले, "खूप होती, एवढं सांगतो."

"रीस्टार्ट करा म्हणाल्यावर यांनी लगेच केला?"

साहेबांनी धाकटीकडे पाहिलं नाही. "लगेच नाही. काहीतरी टाइप केलं आणि मग केला."

बाईंनी धाकटीकडे वळून विचारलं, "माणूस पाण्यात असताना तुम्ही हे गाठोडं बांधत होतात?"

त्या खोलीत पंखा होता, तो फिरत होता. धाकटीला म्हणायचं होतं की चार श्वास. तिला म्हणायचं होतं की ती पद्धत आहे, प्रत्येक वेळी करतोच. पण ती खोटं कसं बोलणार? पद्धत होती हे खरं, आणि शेवटी ते फोल्डर जोडताना दादाचा चेहरा डोळ्यांपुढे होता, हेही खरं. ती "हो" म्हणाली.

"ऑपरेटर तुमचे कोण?"

"भाऊ. सख्खा."

बाईंनी ते लिहून घेतलं. फार सावकाश लिहिलं, आणि धाकटीला वाटलं, संपलं.

अहवालात दादाने भोंग्याआधी बटण दाबलं नाही असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. भोंग्याआधी दाबल्याचा पुरावा आढळत नाही, एवढंच म्हटलं होतं. हा फरक बाईंनी फार जपून ठेवला होता. पण केंद्रात तो फरक कुणी जपला नाही. चहाच्या टेबलाशी दादा आला की बोलणं थांबायचं. कुणी टाकून बोललं नाही, तोंडावर तर नाहीच. पक्कडच्या टोळीतल्या एका माणसाने एवढंच केलं की दादाच्या पाळीत खाली उतरायला नकार दिला. मग दुसऱ्यानेही दिला.

पक्कडचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. धाकटी त्याला भेटायला गेली तेव्हा तो उशाला टेकून बसला होता आणि पलंगाच्या कडेचा एक सैल स्क्रू बोटाने पिळत होता. तिला बघून त्याने तिचं मनगट धरलं.

"बस. तुला एकच विचारायचंय, आणि मग तो विषय बंद."

"विचार ना, पक्कडभाऊ."

"तो 'बंद केली' म्हणाला आणि मी बोल्ट सैल केले. त्याच्या शब्दावर केले. आजवर कधी झडपेकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, तो म्हणाला की झालं. तर मला सांग, दाबून म्हणाला, की आधी म्हणाला आणि मग दाबलं?"

"दाबून म्हणाला."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. भोंग्याआधी चार वेळा दाबलं होतं त्याने. ओळीने दिसत होतं."

त्याने मान हलवली. मनगट काही सोडलं नाही. "कागद नाही ना त्याचा."

"नाही."

"मी मानतो गं. तू समोर बसलीयस तोवर अगदी मानतो. दादा येतो, पाय चेपायला जातो आणि एकच पाय आहे हे विसरतो येडा, तेव्हा तर मानतोच. पण सगळी गेली आणि इथे एकटा पडलो की नाही जमत. तिथे दाखवायला काही हवं होतं बघ. अगदी एवढुसं चिठोरं." त्याने बोटांनी चिठोऱ्याचा आकार दाखवला.

प्रॉकबद्दल त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला काय करायचं होतं ते ऐकून? ती घरी गेली नाही, सरळ दादाकडे गेली.

वहिनीने दार उघडलं आणि नुसत्या डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली. दादा टेबलाशी बसला होता. समोर केंद्रातून आलेला छापील मजकूर होता, सहीसाठी. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून तसाच बसलाय. जेवायला वाढलं तर जेवला, पण काय जेवला ते विचार, नाही सांगता येणार त्याला. तू बोल. तुझं ऐकतो तो."

दादाचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर होता आणि मधूनच दाबला जात होता. त्याच्या ते लक्षात नव्हतं.

"सही करू नकोस," धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली. "आदेश उशिरा दिला असण्याची शक्यता मान्य आहे, असं लिहिलंय त्यात. तू उशिरा दिला नाहीस. का मान्य करायचं?"

"बस आधी."

ती बसली.

"मी सारखं आठवतोय," दादा म्हणाला. "तो म्हणाला, तिसरी बंद कर. मी दाबलं. चित्र लाल झालं. मी म्हणालो, बंद केली. असंच आठवतं मला. पण रोजच असं होतं ना गं. रोज तो सांगतो, रोज मी दाबतो, रोज चित्र लाल होतं. मला आठवतंय ते त्या दिवशीचंच आहे कशावरून? आदल्या दिवशीचं असलं तर? बोलायच्या भरात मी आधी 'बंद केली' म्हटलं असेल, आणि मग दाबलं असेल. होतं की माणसाचं असं."

"नाही झालं."

"किती दिवस सगळे विचारतायत. पहिल्यांदा मी छातीठोक सांगत होतो. मग सांगता सांगता आपलंच आपल्याला ऐकू यायला लागतं. आणि त्या फोल्डरांवरची वेळ..."

"ती माझी वेळ आहे, दादा. मी पाहिलं तेव्हाची. तुझी वेळ आत होती. मी वाचली ती. तू पहिल्यांदा दाबलंस ते भोंग्याच्या खूप आधी. पुढचे तीनही भोंग्याआधीचेच. तू थांबला नाहीस. तू दाबत राहिलास. मी घालवलं ते. साधी नक्कल केली असती तरी आलं असतं. मला येतं ते, रोज शिकवते मी लोकांना, आणि तरी त्या क्षणी नाही सुचलं. चूक माझी आहे. तुझी काहीच नाही. माझ्याकडे बघून सांग, मी कधी तुझ्याशी खोटं बोललेय?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती पडली की तो असाच बघायचा, कुठे लागलंय ते आधी शोधायचा. त्याने हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"नाही बोललीस," तो म्हणाला. "पण तू माझी बहीण आहेस. तू दुसरं काय सांगणार?"

आणि त्याने पेनचं टोपण काढलं. वहिनी दारातून धाकटीकडे बघत होती, की ही आता काहीतरी बोलेल. धाकटीकडे बोलण्यासारखं जे होतं ते सगळं बोलून झालं होतं.